किती बुडेल ते सांगणारा माणूस

लिआओ गुरुजी आमच्या पेढीत पहिल्यांदा आले त्या दिवशी मी काउंटरच्या खिडकीमागे मान खाली घालून बसले होते. व्यापारी शाळेत त्यांनी मला संख्याशास्त्र शिकवलं होतं आणि त्या विषयात मी कशीबशी पास झाले होते. वाटलं, ओळखणार नाहीत. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिडकीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "लुआन ना तू? मागच्या बाकावरची?"

"हो गुरुजी."

"इथे काय करतेस?"

"लोकांच्या ऑर्डरी घेते. कुठला शेअर, किती, काय भावाने, ते लिहून वर पाठवायचं."

"आकडे नीट लिहितेस ना?" एवढंच विचारून ते मागच्या रांगेत जाऊन बसले.

त्या उन्हाळ्यात च्यायी शहराला वेड लागलं होतं. एकामागून एक दलाल पेढ्या उघडत होत्या. आमची पेढी एका बंद पडलेल्या सिनेमागृहात होती. खुर्च्या त्याच, उतरता मजला तोच, फक्त पडद्याच्या जागी भावांचा मोठा फळा. सकाळी नऊच्या आधी बाया थर्मास, भुईमुगाच्या शेंगा आणि विणकाम घेऊन जागा धरायच्या. बाजार दुपारी बाराला बंद व्हायचा. मधल्या तीन तासांत फळ्यावर लाल आकडे चमकत राहायचे. लाल म्हणजे भाव चढला, हिरवा म्हणजे पडला. त्या वर्षी जानेवारीपासून आम्ही हिरवा रंग जवळजवळ विसरलोच होतो. भाजीवाली, न्हावी, देवळातला पुजारी, सगळ्यांचं दुप्पट-तिप्पट झालं होतं. दुकानदार दुकान उघडायचे ते दुपारनंतर.

सगळ्यांना खबर हवी असायची, उद्या कुठला शेअर चढणार याची. निवृत्त गुरुजी येऊन बसलेत म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात हौ काका त्यांच्या शेजारी सरकले. हौ काका म्हणजे डोंगरावरच्या छोट्या आगगाडीवर कोळसा ओतण्यात जन्म घालवलेला माणूस. आवाज इंजिनासारखा. पेढीकडूनच कर्ज काढून त्यांनी ऐपतीच्या दुप्पट शेअर घेतले होते.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले. सांगा, कुठला चढणार?"

"ते मला कळत नाही."

"मग काय कळतं?"

"पडला तर किती पडेल, ते थोडंफार कळतं."

हौ काका सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं हसले. "अहो ऐकलंत का! लग्नाच्या मांडवात बसून मयताचा खर्च काढणारे पाहुणे आलेत!"

बाया खिदळल्या. गुरुजीही हसले, पण थोडे उशिरा. तेव्हापासून हॉलमध्ये त्यांचं नाव 'मयताचे गुरुजी' पडलं.

माणूस मात्र खरंच तसा होता. रोज दुपारी बाजार बंद होतानाचे भाव उतरवून न्यायचे आणि घरी आलेखाच्या कागदावर मांडायचे. कुठला शेअर गेल्या दहा वर्षांत वाईट महिन्यात किती कोसळला, ते काढायचे. मग पुढचं काम, कोण कोणाबरोबर पडतं ते बघायचं. मला एकदा खिडकीतून समजावलं होतं, "कागद आणि लाकूड ही सख्खी भावंडं. एकाला ताप आला की दुसऱ्याला येतो. बँक त्यांची चुलत बहीण. सिमेंट लांबचा मामा. सगळे पैसे सख्ख्या भावंडांत ठेवले तर घरात एकदम सगळे आजारी. म्हणून नाती लांबची बघून ठेवायचे. मग एक झोपला तरी दुसरा पाणी द्यायला उठतो."

वर्गात असं शिकवलं असतं तर मी पहिल्या बाकावर बसले असते.

त्यांचे स्वतःचे अर्धे पैसे पोस्टात होते. उरलेले सहा ठिकाणी विखुरलेले. साहजिकच सगळ्या हॉलमध्ये सर्वांत कमी कमावलेला माणूस तो. त्यांची बायको मंडईत भेटली की म्हणायची, "समोरच्या न्हाव्याने मोटार घेतली. आमच्याकडे आलेख आहेत."

हॉलमध्ये त्यांचं ऐकणारं एकच माणूस निघालं, किम-की मावशी.

किम-की मावशी कारंज्याच्या चौकामागे टर्की-भाताचं दुकान चालवायची. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन ताइचुंगला. दुकान भाड्याचं. समोर मोठी कढई, आत चार टेबलं आणि मागे एक खोली, तिथेच ती झोपायची. बाजार बंद झाला की मी आणि गुरुजी बऱ्याचदा तिथेच जेवायचो. मावशी मांसाचे दोरे हातानेच काढायची, सुरीला शिवायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "सुरीने कापलेलं मांस रुसतं."

जागेचा मालक म्हातारा झाला होता आणि त्याला मुलाकडे तैपेईला जायचं होतं. त्याने मावशीला शब्द दिला होता, "वर्षअखेरपर्यंत तू पैसे आणलेस तर जागा तुझी, नाहीतर मी बाहेर विकतो." मावशीने आयुष्यभराची कमाई एका कागद कंपनीच्या शेअरमध्ये घातली होती आणि ती अडीचपट झाली होती. जागेच्या किमतीला आता थोडंच कमी पडत होतं.

पौर्णिमेचा सण जवळ आला होता. एका दुपारी गिऱ्हाईक कमी बघून मावशी एप्रनला हात पुसत आमच्या टेबलाशी आली.

"गुरुजी, एक विचारू? माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळं आत्ताच विकायचं आणि कमी पडतात तेवढे भिशीतून उचलायचे. पण भिशीचं व्याज तुम्हाला माहीत आहे, पुढची चार वर्षं मी त्या बायांसाठीच भात शिजवणार. दुसरी म्हणजे वर्षअखेरपर्यंत थांबायचं. बाजार असाच राहिला तर एक पैसा उचलावा लागणार नाही. तुम्ही काय म्हणता?"

"काय होईल ते मी सांगू शकत नाही, मावशी."

"ते माहीत आहे हो. चढणार किती ते नाहीच विचारत मी. जाईल किती, ते सांगा. तुमचं तेच तर काम."

गुरुजींचा चेहरा उजळला. हे वाक्य त्यांना आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले, "दोन-तीन दिवस द्या मला."

आणि त्यांनी खरंच मन लावून हिशेब केला. तीन दिवसांनी आले ते घडी घातलेले आलेख घेऊनच. सगळे पैसे एका कागद कंपनीत म्हणजे वेडेपणा, हे आधी सांगितलं. निम्म्याहून जास्त विकायचं. थोडे पोस्टात टाकायचे. बाकीचे सिमेंट, कापड, बँक आणि तारा बनवणारी कंपनी यांत वाटून ठेवायचे.

"असं ठेवलंत तर वर्षअखेरपर्यंत दहातला एक भाग जाईल, फार तर. वीसपैकी एकोणीस वेळा त्यापेक्षा जास्त जाणार नाही."

"दहातला एक." मावशीने मनाशी घोळवलं. "दहातला एक गेला तर भिशीतून थोडेच उचलावे लागतील. ते मी सोसू शकते."

"विसाव्या वेळी मात्र जास्त जाईल," गुरुजी म्हणाले. "किती जास्त, ते या गणितातून निघत नाही…"

पण तेवढ्यात दारात तीन गिऱ्हाइकं उभी राहिली आणि मावशी "या, बसा, बसा," करत कढईकडे वळली. गुरुजींनी तिच्या पाठीकडे बघत वाक्य पुरं केलं. ते मी ऐकलं. तिने ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी विकण्याच्या आणि घेण्याच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या. हौ काकांनी खांद्यावरून डोकावून बघितलं. "काय गं किम-की, चढत्या घोड्यावरून उतरून चार गाढवांवर बसलीस?"

"बसू दे. गाढवावरून पडलं तर लागतं कमी."

त्यानंतरचा पंधरवडा ती इतकी हलकी झाली होती! रंग कुठला लावायचा, आतल्या खोलीची भिंत पाडून आणखी दोन टेबलं कशी बसतील, सगळं आम्हाला दाखवून झालं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पपनस सोलत होते. भाऊ टीव्हीसमोरून ओरडला, "लुआन, इकडे ये! शेअरच्या नफ्यावर कर लावतायत. नव्या वर्षापासून!" मी हातातलं पपनस तसंच धरून उभी राहिले. आमच्याकडे शेअरवर नफा झाला तर कर द्यायचा असतो, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि बाजार सुट्ट्यांमुळे पुढच्या आठवड्यात उघडणार होता.

दुसऱ्या दिवशी सण. लोक छतांवर चंद्र बघत होते आणि चंद्राकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. गुरुजी संध्याकाळी मावशीच्या दुकानात आले, मी तिथेच होते. बसलेही नाहीत.

"बाजार उघडला की विकायचं," ते म्हणाले. "सगळं. भाव बघायचा नाही."

"इतकं वाईट आहे?"

"माहीत नाही. पण सगळ्यांनी एकच बातमी एकाच वेळी ऐकलीय."

बाजार उघडला त्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. नऊची घंटा झाली आणि फळा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. एकही लाल ठिपका नाही. आणि मग काहीच हललं नाही.

ते मी कसं सांगू? बाजार पडतो तेव्हा गोंधळ असतो, आकडे पळतात, माणसं ओरडतात. इथे आकडे थिजले होते. आदल्या वर्षी परदेशातले बाजार कोसळले तेव्हा सरकारने एक नियम केला होता. कुठल्याही शेअरचा भाव एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊ द्यायचा नाही. लोकांनी घाबरून एकाच दिवसात सगळं बुडवून घेऊ नये, यासाठी केलेला नियम. पण त्या दिवशी तीन टक्क्यांनी खाली घ्यायलाही कोणी तयार नव्हतं. दहा टक्क्यांनी कदाचित कोणी घेतलं असतं, वीस टक्क्यांनी नक्की घेतलं असतं. पण तेवढा खाली भाव मागायला परवानगीच नव्हती. विकणारा सगळा देश आणि घेणारं कोणी नाही. मी चिठ्ठ्या लिहून वर पाठवत होते आणि त्या तशाच परत येत होत्या.

कागद, सिमेंट, कापड, बँक, तारा. सख्खी, चुलत, लांबचा मामा, सगळे एकाच दिवशी एकाच तापाने पडलेले.

गुरुजी फळ्याखाली उभे होते. बराच वेळ. मग माझ्या खिडकीशी आले. "उद्या तिच्या चिठ्ठ्या सर्वांत आधी घे."

"आणि तुमच्या?"

"आधी तिच्या जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गुरुजी पेढीचं शटर उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचे, मावशीच्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात. रोज सर्वांत पहिले, रोज सर्वांत खालच्या भावाला. रोज दुपारी त्याच चिठ्ठ्या मी त्यांना परत करायचे. मला ते खिडकीतून हात पुढे करणं नकोसं झालं होतं. एकदा म्हणाले, "तू का खाली बघतेस? तू काय केलंस?"

हॉलमधल्या थट्टा आधी चढल्या, मग विरल्या. हौ काका पहिल्या दिवशी म्हणाले, "हिरवळ बघायला लोक पैसे देऊन डोंगरावर जातात, आपल्याला इथे फुकट!" दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या कर्जासाठी पेढीने त्यांचे शेअर विकायला काढले, पण सावकारालाही गिऱ्हाईक मिळेना. त्या दिवसापासून त्यांचा इंजिनाचा आवाज बंद पडला.

मग दोष द्यायला कोणीतरी हवं झालं. सरकार तैपेईत होतं, लांब. गुरुजी मागच्या रांगेत होते.

"हाच तो!" एक बाई उठून म्हणाली. शिंपीण होती, कधी कोणाशी वर तोंड करून बोललेली मी पाहिली नव्हती. "सारखं पडेल तर किती, पडेल तर किती. अभद्र तोंड! घ्या, पडलं! आता तरी सुखाने झोप लागते ना?"

गुरुजी उठले, चष्मा काढून पुसला आणि परत खाली बसले. त्यांच्या पुढच्या रांगेतली माणसं उठून दुसरीकडे गेली. मावशी मात्र त्यांच्या शेजारीच बसून राहिली, हातात विणकाम, सुया थांबलेल्या.

त्याच आठवड्यात लोकांनी एक बस ठरवली, तैपेईला जाऊन निदर्शनं करायची. गुरुजी कधी कुठल्या मोर्चात गेले नव्हते, पण मावशी निघाली म्हणून तेही निघाले. मला हे नंतर हौ काकांनी सांगितलं. बसमध्ये फलक वाटले, त्यावर लिहिलं होतं, 'आमचं अर्धं बुडालं!' गुरुजींनी फलक हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "अर्धं नाही अजून. चौथा हिस्सा."

"अहो गुरुजी, घोषणा आहे ती!"

"घोषणा असली तरी…" असं म्हणून त्यांनी फलक धरला खरा, पण उलटा, कोऱ्या बाजूने. मोठ्या दगडी सरकारी इमारतीसमोर दिवसभर उन्हात उभे राहिले. आतून कोणी आलं नाही. एक पोलीस पाणी घेऊन आला तेवढंच. परतीच्या बसमध्ये मावशी त्यांच्या शेजारी बसून झोपली आणि तिची मान खांद्यावर आली तरी गुरुजी च्यायी येईपर्यंत हलले नाहीत.

मावशीने भिशीचं दारही ठोठावून पाहिलं. भिशीतल्या बाराही बायांचे पैसे त्याच हिरव्या फळ्यावर अडकले होते. भिशी चालवणाऱ्या बाईने मावशीलाच विचारलं, "तुझ्याकडे आहेत का गं थोडे?"

त्या दुपारी दुकानात आम्ही तिघंच होतो. मावशी टेबल पुसत होती. पुसून झालेलं टेबल परत पुसत होती.

"गुरुजी, तुम्ही दहातला एक म्हणाला होतात."

"हो."

"आता किती?"

"चारातला एक गेला. आणि थांबलेलं नाही."

"मग गणित चुकलं का कुठे?"

गुरुजींनी जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. मला वाटलं, हो म्हणतील. हो म्हणाले असते तर दोघांनाही सोपं गेलं असतं. पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "मी परत परत तपासलं. बेरीज-गुणाकार बरोबर आहे. ही विसावी वेळ आहे."

"आणि ती माझ्याच वाट्याला यायची होती?"

गुरुजींनी वाटी बाजूला सरकवली.

"रागावून नाही बोलत मी," मावशी म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. "पण एक सांगते. तुम्ही काही बोलला नसतात तर मी भ्यायले असते. भिऊन सणाच्या आधी सगळं विकलं असतं, भिशी उचलली असती, रडतखडत फेडली असती. तुमच्या त्या आकड्याने मला धीर दिला. त्या धिरावर मी थांबले."

गुरुजींचा भात तसाच राहिला. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी पोचल्यावर म्हणाले, "लुआन, मी तिला धोका मोजून दिला. तिला वाटलं, मी तो काढून टाकला. आणि माझ्या हे लक्षात कसं आलं नाही?"

मी काय सांगणार? मी त्यांची नापास होता होता वाचलेली विद्यार्थिनी.

जवळजवळ तीन आठवड्यांनी सरकारने कर थोडा सैल केला, आणि एका सकाळी फळ्यावर सौदे दिसू लागले. घेणारे परत आले होते. एव्हाना तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं होतं. हॉलमध्ये पुन्हा माणसांचा आवाज झाला, कोणी रडत होतं, कोणी ओरडत होतं, 'विका', 'विकू नका'.

मावशी चिठ्ठ्या घेऊन गुरुजींसमोर उभी राहिली. "आता सांगा. विकू की ठेवू?"

"मला माहीत नाही."

"अंदाज?"

"मावशी, खरंच माहीत नाही." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आता मी काहीही सांगितलं तरी ते तुम्ही धराल. मला भीती वाटते."

ती माझ्या खिडकीशी आली. "लिही, पोरी. सगळे. मला आता या सिनेमात बसायचं नाही."

त्या दिवशी तिचे सगळे शेअर विकले गेले. पोस्टातले पैसे धरूनही जागेची किंमत भरत नव्हती, बरंच कमी पडत होतं. मालकाने नव्या वर्षापर्यंत वाट पाहिली, शब्दाला जागला म्हणायचं. मग एका दातांच्या डॉक्टरने दुकान घेतलं. त्याने दिलेली किंमत मावशीला सांगितलेल्या किमतीच्या दीडपट होती, कारण शेअरमधून पळालेला पैसा आता जमिनीत घुसत होता.

दुकान रिकामं करायच्या आदल्या दिवशी गुरुजी बायकोला घेऊन आले. त्यांनी पोस्टाचं पासबुक टेबलावर ठेवलं. निवृत्तीचा जो अर्धा भाग त्यांनी कधी बाजाराला लागू दिला नव्हता, तो.

"ही जागा तर गेली," गुरुजी म्हणाले. "पण दुसरी बघा. हे उसने म्हणून घ्या. व्याज नको."

"घ्या हो मावशी," बायको म्हणाली. "आम्ही दोघांनी ठरवलंय. हे रात्रभर खोलीत फेऱ्या मारतात. मला तरी झोपू द्या."

मावशी हसली. पासबुक उचललं, दोन्ही हातांनी, आणि तसंच दोन्ही हातांनी परत केलं. "गुरुजी, हे घेतलं तर रोज तुम्हाला भात वाढताना मला वाटेल, हप्ता वाढतेय. आणि तुम्हाला वाटेल, दंड भरताय. नको. जेवायला येत जा. पैसे देऊन."

ते आग्रह करत राहिले, ती नको म्हणत राहिली. शेवटी बायकोनेच पासबुक पिशवीत टाकलं. मला त्या माणसाचे हात आठवतात. टेबलावर उघडे ठेवलेले, काही धरायला नाही असे.

मावशीने बस स्टँडजवळ एक कोपरा भाड्याने घेतला. दोन टेबलं, मागे खोली नाही. रात्री झोपायला ती बहिणीकडे जायची, मिनश्योंगला, शेवटच्या बसने.

आणि बाजार? बाजार सहा-सात महिन्यांत सगळं भरून काढून वर गेला. पुढच्या उन्हाळ्यात फळा परत लाल. हौ काकांचे शेअर विकले न गेल्यामुळेच वाचले होते; भाव चढू लागल्यावर पेढीनेही तगादा सोडला होता. त्यांनी मोटार घेतली आणि पेढीसमोर उभी करून भोंगा वाजवला. मावशीच्या कोपऱ्यावर येऊन म्हणाले, "किम-की, जरा दम धरला असतास तर!" त्यांना दुखवायचं नव्हतं, माणूसच तसा. मावशीने त्यांना वाढलं आणि म्हणाली, "दम धरला होता हो मी. तेच तर केलं होतं."

गुरुजी पुन्हा हॉलमध्ये आले नाहीत, पण आकडेमोड सोडली नव्हती. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला नवे आलेख दाखवले. बरे दिवस सगळे वगळून फक्त वाईट दिवस त्यांनी बाजूला काढले होते.

"हे बघ. रोजच्या दिवसांत यांची नाती लांबची दिसतात. पण फक्त वाईट दिवस बघितलेस तर सगळी सख्खी भावंडं निघतात. आणि आपल्याला आधार हवा असतो तो वाईट दिवशीच. मी सरासरी नाती मोजत बसलो."

"मग यावर उपाय काय?"

"तिथे कमी ठेवायचं."

"बस?"

"बस. जे गेल्याने छप्पर जाईल, ते तिथे ठेवायचंच नाही. हे माझ्या आजीलाही माहीत होतं. तिला आलेख लागले नव्हते."

त्यानंतरच्या वर्षी बाजार खरा कोसळला. आधीचं काहीच नाही असा. दहातले आठ भाग गेले. त्याच्या आधी गुरुजी हौ काकांकडे चालत गेले होते, त्या शिंपिणीकडेही गेले होते, कमी करा म्हणून सांगायला. शिंपिणीने दारच उघडलं नाही. हौ काका म्हणाले, "गुरुजी, मागच्या वेळी ज्यांनी विकलं ते मेले, ज्यांनी ठेवलं ते तरले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं ऐकू की माझ्या डोळ्यांचं?" गुरुजी चालत परत आले. काकांची मोटार गेली, मग घर गेलं, आणि ते डोंगरावर धाकट्या मुलाकडे राहायला गेले. आमची पेढीही बंद झाली. मी एका शाळेच्या कचेरीत लागले.

लोक मावशीला म्हणायचे, "बघ, तू वेळेत बाहेर पडलीस, वाचलीस." ती ऐकून घ्यायची. कशापासून वाचली आणि कशाला मुकली, याची वजाबाकी तिने कधी केली नसावी, किंवा आम्हाला सांगितली नाही.

गुरुजी तिच्या कोपऱ्यावर एक दिवसाआड जेवत राहिले. दोघं हवेचं बोलायची, मंडईतल्या भावाचं, तिच्या नातवाच्या दातांचं. त्या एका गोष्टीवर परत कधी नाही. नंतर गुरुजींना अर्धांगाचा झटका आला आणि मुलगा त्यांना शिनचूला घेऊन गेला.

मी एकदा त्यांना भेटायला गेले. खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. शाळेचं विचारलं, माझ्या भावाचं विचारलं. मग म्हणाले, "किम-की मावशी त्या कोपऱ्याचं भाडं किती देते आता?"

मी आकडा सांगितला.

"वाढतं?"

"दरवर्षी."

त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजायला उचलली. अंगठा पहिल्या पेरावर गेला, दुसऱ्या पेरावर गेला आणि तिथेच थांबला. मी वाट बघत राहिले. बायको पेरूच्या फोडी घेऊन आली, त्यांच्या गळ्याभोवती रुमाल बांधला, एक फोड तोंडात दिली. ते चावत राहिले, खिडकीबाहेर बघत. माझी गाडी चुकली असती म्हणून मी उठले.